इव्हँजेलियन पहिल्यांदाच बघतेय (स्पॉयलर देणाऱ्याचं नेट गंडो)

उशिराची_गाडी

तर मंडळी, शेवटी लावलंच. 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन', जपानी अ‍ॅनिमेशन (म्हणजे अ‍ॅनिमे) मालिका, २६ एपिसोड, १९९५-९६. अ‍ॅनिमेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास "म्हणजे तू अजून इव्हँजेलियन बघितलंच नाहीस??" असं विचारतं, आणि तेही अशा चेहऱ्याने की जणू मी त्यांचे पैसे बुडवलेत. याआधी एकदा प्रयत्न झालाय. तेव्हा आधीच ढीगभर वाचून ठेवलं होतं, यात अमुक प्रतीक आहे, तमुक तत्त्वज्ञान आहे, क्रूस कुठे कुठे येतो ते बघ, आणि मी पेपर सोडवायला बसल्यासारखी बसले आणि तिसऱ्या एपिसोडला गाढ झोपले. या वेळी काहीही वाचलेलं नाही. शेवटावरून भांडणं झालीत एवढं कानावर आलंय, ते काही टाळता येत नाही.

नियम एकच. मी जिथवर पोचलेय त्याच्या पुढचं बोलायचं नाही.

आज १ आणि २ झाले. चौदा वर्षांचा पोरगा, शिंजी. बापाने कित्येक वर्षांनी बोलावणं धाडलंय आणि पत्रात काय, तर "ये". संपलं पत्र. पोरगा येतो तर बाप वर काचेमागे उभा, खाली हा, मध्ये तो अवाढव्य जांभळा रोबोट. यात बस नाहीतर चालता हो. पोरगा नाही म्हणतो, मी मनात टाळ्या वाजवल्या. मग ते काय करतात, तर बँडेजमध्ये गुंडाळलेल्या रेई नावाच्या एका मुलीला स्ट्रेचरवरून आणतात, तू नाही तर ही बसेल. तेवढ्यात सगळं हादरतं, ती खाली पडते, हा धावत जाऊन तिला उचलतो आणि मग स्वतःच्या तळहाताकडे बघतो तर रक्त. "पळायचं नाही, पळायचं नाही" असं पुटपुटत पुटपुटत हो म्हणतो.

आता मला सांगा, याला हिरो होणं म्हणतात? भर सभेत धरून बसवलाय त्याला. इतका राग आला ना त्या बापाचा.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतोय. गाडीताई, राग सांभाळून वापरा, २४ एपिसोड बाकी आहेत.

बोकोबा

मी शाळेत असताना बघितलं होतं, रोबोटसाठी. फायटिंग भारी, मधलं रडगाणं पुढे ढकलायचो. आता तुमच्याबरोबर परत बघू का विचार करतोय.

कंदील

दुसऱ्या एपिसोडमधली एक छोटी जागा सुटू देऊ नका. मिसातो, म्हणजे शिंजीला लढाईवर पाठवणारी त्याची अधिकारी, त्याला आपल्या घरी घेऊन येते, तो दारात घुटमळतो, "येऊ का" टाईप काहीतरी म्हणतो, आणि ती म्हणते हे आता तुझंही घर आहे. मग तो अडखळत "तादाइमा" म्हणतो. घरी परत आल्यावर म्हणायचा जपानी शब्द. इंग्रजी सबटायटलवाल्यांची इथे कायम पंचाईत होते, "मी घरी आहे" की काय ते लिहितात. आपल्याकडे सरळ आहे, चपला काढता काढता ओरडायचं "आलो गं". आणि आतून "आलास?". तो पोरगा आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा कुणाला तरी "आलो गं" म्हणतोय, त्यात अडखळतोय. चौथ्या एपिसोडच्या शेवटी हाच शब्द परत येईल, तेव्हा लक्ष असू द्या.

(हे स्पॉयलर नाही. शब्द सांगितलाय, गोष्ट नाही.)

उशिराची_गाडी

कंदील, तुमचं नेट थोडक्यात वाचलं.

४ झाला. स्टेशनवर शिंजी आणि मिसातो नुसते बघत उभे एकमेकांकडे, कितीतरी वेळ, चित्र हलतच नाही. मला वाटलं माझंच नेट गेलं. रिमोट शोधायला उठले आणि तेवढ्यात "आ... आलो". घशात आलं काहीतरी.

बाकी दोन निरीक्षणं. एक, रातकिडे. म्हणजे सिकाडा म्हणतात ना ते, दिवसाढवळ्या ओरडणारे. प्रत्येक एपिसोडमध्ये मागे तोच किर्रर्र आवाज. आधी वाटलं उन्हाळ्याची गोष्ट आहे, मग कळलं की २००० साली अंटार्क्टिकात जो प्रलय झाला त्यात पृथ्वीचा आसच सरकलाय आणि जपानमध्ये कायमचा उन्हाळा. मालिका घडते २०१५ मध्ये, म्हणजे या चौदा वर्षांच्या पोरांनी हिवाळा बघितलेलाच नाही. हे कुणी भाषण देऊन सांगत नाही, फक्त किडे ओरडत राहतात. हे आवडलं.

दोन, केबल! एवढा डोंगराएवढा रोबोट आणि पाठीला वायर! वायर निघाली की बॅटरी पाच मिनिटं. स्क्रीनवर काटा उलटा पळतो. मला तर फोन चार टक्क्यांवर आल्यावर जी धडधड होते तीच झाली.

शांतकोलाहल

त्या केबलला मूळ मालिकेत नाळेचंच नाव आहे. अंबिलिकल केबल. आणि तो बसतो त्या नळीत आधी द्रव भरतात, त्यात बुडून श्वास घ्यायचा. एवढं सांगून गप्प बसते.

बोकोबा

अरे देवा, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वायर म्हणजे वायर.

खिडकीपाशी

डब की सब? जपानीत बघताय ना? शिंजीचा आवाज मेगुमी ओगाता या बाईंचा आहे, तो जीव खाऊन ओरडतो ते इतर कुठल्याही भाषेत तसं उतरत नाही असं माझं ठाम मत आहे. जगाने मान्य करावं असा आग्रह नाही पण करावं.

उशिराची_गाडी

जपानी आणि इंग्रजी सबटायटल. आस्का आली!! आणखी एक रोबोट चालवणारी मुलगी. ८ आणि ९. एपिसोड ९ मध्ये शत्रूचे दोन तुकडे होतात आणि दोघांना एकाच क्षणी मारायचं म्हणून शिंजी आणि आस्काला गाण्यावर नाच शिकवून ६२ सेकंदांची लढाई. हसून हसून वाट लागली. या मालिकेबद्दल कुणीच कसं सांगत नाही की ती मधेच इतकी मस्तीखोर होते? घरात पेंग्विन आहे हो. फ्रिजमध्ये राहणारा.

पण ६ बद्दल आधी लिहायचं राहिलं. ऑपरेशन याशिमा. शत्रू म्हणजे एक निळा आठ पैलूंचा स्फटिक, हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही, जवळ गेलं की भाजून काढतो. म्हणून लांबून एकच गोळी मारायची आणि तिला लागते अख्ख्या जपानची वीज. मग एकेक शहर अंधारात जात जातं. दिवे मालवत मालवत अंधार डोंगरापर्यंत येतो आणि वरती चंद्र, आणि शिंजी आणि रेई ही दोन पोरं आपापल्या रोबोटशेजारी बसलेली. लढाईपेक्षा मला तो अंधार लक्षात राहिला.

कंदील

नावाची गंमत सांगतो. याशिमा ही ११८५ सालची समुद्राकाठची लढाई, त्यात शत्रूच्या होडीवर टांगलेला पंखा एका धनुर्धराने लाटांवर हलत असताना एका बाणात पाडला अशी कथा जपानी पोरांना तोंडपाठ असते. लांबून एकच नेम, म्हणून ते नाव. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे झाली. मार्च २०११ मध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अपघात झाला, वीज तुटपुंजी पडली, तेव्हा ट्विटरवरच्या लोकांनी घरातले दिवे बंद ठेवायच्या मोहिमेला हेच नाव दिलं, ऑपरेशन याशिमा. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पंधरा वर्षं जुन्या कार्टूनमधला एक प्रसंग, आणि लोकांनी त्याच्या नावाने खरोखरचे दिवे मालवले.

तिसरी_घंटा

कार्टून म्हणालात?! (तलवार उपसलेली बाहुली)

कंदील

प्रेमाने म्हणालो हो.

उशिराची_गाडी

चार दिवस गायब होते. १६ पर्यंत आले. खरं सांगू का, आता धंदा वेगळाच चाललाय. रोबोट येतात, लढतात, पण बनवणाऱ्याचं लक्ष तिकडे नाही हे कळतं. १६ मध्ये आकाशात तरंगणारा पट्ट्यापट्ट्यांचा गोळा म्हणजे शत्रूची सावली आणि जमिनीवरची काळी सावली म्हणजे खरा शत्रू, आणि शिंजी त्यात बुडतो आणि अर्धा एपिसोड आगगाडीच्या रिकाम्या डब्यात स्वतःशीच बोलत बसतो.

आणि मला एक कबूल करायचंय. हे सगळे सांगतात ना की शिंजी किती रडका आहे, किती चिडचिड होते त्याची, मला ती होतच नाहीये. मला चिडचिड होते मिसातोची, कारण मी मिसातो आहे. एकोणतीस वर्षांची (मी ती हद्द कधीच ओलांडली, तो भाग वेगळा), ऑफिसात कडक, घरी पसारा, पोराशी प्रेमाने वागायचंय पण सकाळी त्याला मरणाच्या तोंडी पाठवायचं काम तिचंच. ती त्याला समजावते तेव्हा ते वाक्य त्याच्यासाठी असतं की तिच्या स्वतःच्या झोपेसाठी, हे तिलाही कळत नाही. चौदाव्या वर्षी बघितलं असतं तर हे दिसलंच नसतं मला.

अवांतर: इतके क्रूस का आहेत? स्फोटसुद्धा क्रुसाच्या आकाराचा. मी वही काढायची का परत?

शांतकोलाहल

वही ठेवून द्या. सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी नंतर स्पष्टच सांगितलंय की ती ख्रिश्चन चिन्हं वेगळी आणि भारी दिसतात म्हणून घेतली, जपानमध्ये राक्षसी रोबोटांच्या मालिका खंडीभर, त्यात उठून दिसावं म्हणून. लोकांनी त्यावर जाडजूड विश्लेषणं लिहिली.

उशिराची_गाडी

म्हणजे पहिल्या वेळी मी उगाच झोपले!

रिकामटेकडा

=)) =))

बोकोबा

मी पण १८ पर्यंत पोचलो परत. हा एपिसोड लहानपणी मला नुसता "रोबोट विरुद्ध रोबोट" म्हणून आठवत होता. आता बघितला तर हात गार पडले. आपल्याला माहिती असतं समोरच्या रोबोटमध्ये कोण मुलगा आहे, शिंजीला माहीत नसतं. तरी तो नाही म्हणतो, आत माणूस आहे, मी मारणार नाही. मग बाप त्याच्या हातातला कंट्रोलच काढून घेतो आणि यंत्राला चालवायला देतो. शिंजी आत बसलेला, दांडे ओढतोय, काही थांबत नाही, आणि बाहेर जे चाललंय त्याचा फक्त आवाज येतो त्याला. "थांबवा" म्हणून ओरडतो तो... खिडकीपाशी, तुमचं ते जपानी आवाजाचं मत मान्य. सही करून देतो.

खिडकीपाशी

फ्रेम करून लावते.

उशिराची_गाडी

२२. लिफ्ट. रेई आणि आस्का लिफ्टमध्ये. चित्र स्थिर, दोघी पाठमोऱ्या म्हणा तिरप्या म्हणा, उभ्या, आणि फक्त लिफ्टचा खडखडाट. मी मुद्दाम मागे नेऊन मोजलं, पन्नास सेकंदांच्या आसपास. टीव्हीवर पन्नास सेकंद म्हणजे काय हो! तिसऱ्या सेकंदाला वाटतं आता बोलतील, दहाव्याला वाटतं काहीतरी बिघडलंय, विसाव्याला आपणच श्वास रोखून उभे. ऑफिसात भांडण झालेल्या माणसाबरोबर लिफ्टमध्ये सापडलात का कधी? अगदी तेच. मजल्यांचे आकडे बघायचे, बास.

चित्र काढायला वेळ नव्हता म्हणून हे असं केलं असेल तर असेल. पण मग सगळ्यांनी वेळ नसतानाच काम करावं.

तिसरी_घंटा

ताई, आता २४ ला यायच्या आधी पाणी पिऊन घ्या. बाकी काही बोलत नाही.

उशिराची_गाडी

२४ बघितला. काओरू. एका एपिसोडपुरता आला आणि घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटतंय. शिंजीच्या रोबोटने त्याला मुठीत धरलंय, त्या चित्रावर जवळजवळ मिनिटभर काही हलत नाही आणि मागे बीथोव्हेनची नववी सिंफनी पूर्ण जोरात. मी डोळे मिटून घेतले, मग वाटलं मिटणं म्हणजे पळणं, परत उघडले, तरी अजून तेच चित्र. शेवटी पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज.

एक विचारायचं होतं. काओरू शिंजीला म्हणतो ते नेमकं काय म्हणतो? माझ्या सबटायटलमध्ये "लाईक" आहे आणि भाचा म्हणतो त्याने बघितलं तेव्हा "लव्ह" होतं.

कंदील

हा हा, या एका शब्दावर २०१९ मध्ये महाभारत झालंय. जूनमध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली ती नवीन भाषांतर घेऊन. जुन्या इंग्रजीत "लव्ह" होतं, नव्यात "लाईक" झालं, आणि लोक खवळले की यांनी मुद्दाम पातळ केलं. मूळ शब्द "सुकी". त्यात दोन्ही बसतं, माणूस आवडणं आणि माणूस *आवडणं*. इंग्रजीला एक खुर्ची निवडावी लागते. आणि आपण इथे बसून बघतोय, आपल्याकडे तर आयता शब्द आहे राव, "तू मला आवडतोस". यात किती आहे ते म्हणणाऱ्याला ठाऊक आणि ऐकणाऱ्याला. शिंजीलाही कळत नाही किती ते, म्हणूनच तर तो तसा बघत राहतो.

मराठी सबटायटल करायला घेतलं तर त्या ओळीला पाच सेकंद लागतील.

शांतकोलाहल

+१. आणि त्याच वेळी शेवटची गाणीही गेली. प्रत्येक एपिसोडच्या शेवटी एक जुनं अमेरिकन जॅझ गाणं वेगवेगळ्या ढंगात यायचं, हक्कांच्या भानगडीत ते बऱ्याच देशांत काढलं गेलं. इतका मार खाऊन झाल्यावर ते गोड गाणं लागायचं तेव्हा थोबाडीत मारून गालावरून हात फिरवल्यासारखं वाटायचं.

उशिराची_गाडी

२५, २६ झाले.

काय होतं हे????

रिकामटेकडा

आला! आला तो क्षण! मी दोन आठवडे याचीच वाट बघत बसलो होतो.

बोकोबा

पैसे संपले होते त्यांचे. शाळेत आम्ही सगळे हेच म्हणायचो.

कंदील

पैसे नव्हे, वेळ. शेवटी शेवटी एपिसोड वेळेत हातावेगळे होईनात अशी अवस्था होती. पण नुसतं तेवढंच म्हणणंही बरोबर नाही. दिग्दर्शक हिदेआकी आन्नोने मालिका सुरू व्हायच्या आधीच लिहिलं होतं की त्याआधीची चार वर्षं तो मोडून पडला होता, काहीच करू शकत नव्हता. तो माणूस शेवटी शत्रू मेला का, जग वाचलं का हे सांगत बसेल असं का वाटावं? आणि हे लागत होतं टीव्ही टोकियोवर, बुधवारी संध्याकाळी साडेसहाला. २७ मार्च १९९६ ला टीव्हीसमोर बसलेल्या पोरांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा.

तिसरी_घंटा

मी अजूनही म्हणते फसवणूक आहे. २४ एपिसोड कोडी घालायची आणि उत्तरपत्रिकेत "स्वतःवर प्रेम करा". सगळ्यांनी शिंजीभोवती उभं राहून टाळ्या काय, अभिनंदन काय. मालिका आवडते, शेवट नाही, आणि तो न आवडण्याचा हक्क मी सोडणार नाही.

उशिराची_गाडी

काल रात्री चिडून झोपले, तेव्हा तिसरी_घंटा यांच्याशी शंभर टक्के सहमत होते. फोल्डिंगच्या खुर्चीवर एकेकाला बसवून चौकशी काय, मधेच शाळेची कॉमेडी काय, रंगवलेलीसुद्धा नाहीत अशी पेन्सिलची चित्रं काय. मी रागाने टीव्ही बंद केला.

सकाळी दात घासताना एक जागा आठवली. सगळं पुसलं जातं आणि शिंजी कोऱ्या पांढऱ्यात असतो. काही नाही, भिंत नाही, वर-खाली नाही. त्याला सांगतात, हे बघ, पूर्ण स्वातंत्र्य, कसलंही बंधन नाही. आणि तो लटपटतोय, कारण उभं कशावर राहणार? मग कुणीतरी खाली एक आडवी रेघ मारतं. बास, एक रेघ. झाली जमीन. आता म्हणे तुझं स्वातंत्र्य थोडं कमी झालं, पण तुला चालता येईल. आणि तो चालतो.

पेस्टचा फेस तोंडात तसाच, मी उभी. पंचवीस एपिसोड मी त्या पोराच्या पाठीची वायर बघत होते, तीच रेघ ना ही. केबल तोडली की मोकळा, पण पाच मिनिटंच. मिसातोचं घर, "आलो गं" म्हणायला लागणारा उंबरठा, शेजारी उभी असलेली नकोशी माणसं, सगळ्या आडव्या रेघा. मला वाटत होतं हे सगळं त्याला बांधतंय. बांधतंयच. पण उभाही त्यावरच आहे.

कदाचित मी बळंच जुळवतेय. वही परत निघालीच म्हणायची.

तिसरी_घंटा, टाळ्या मलाही नाही आवडल्या. त्या बापाला टाळ्या वाजवायला कुणी बोलावलं होतं?

तिसरी_घंटा

!!! त्या बापाबद्दल आपलं एकमत. बाकीचं मी रेघेपुरतं मागे घेते. टाळ्यांपुरतं नाही.

बोकोबा

मी रेघेचा सीन बघायला आत्ता परत लावलं. शाळेत हा भाग मी पुढे ढकलला होता बहुतेक, आठवतच नाही.

खिडकीपाशी

वा गाडीताई. आता पुढचं सांगते कारण आता ते स्पॉयलर राहिलं नाही: आन्नोने जुलै १९९७ मध्ये 'द एंड ऑफ इव्हँजेलियन' हा सिनेमा काढला, त्यात शेवटचे दोन एपिसोड वेगळ्या तऱ्हेने आहेत. हे आत चाललं होतं, ते बाहेर काय चाललं होतं, असं समजा. २००७ ते २०२१ मधले चार नवे सिनेमेही आहेत, त्यात गोष्ट पहिल्यापासून मांडत मांडत वेगळीकडे जाते, पण ते इतक्यात नको. आधी १९९७ चा.

उशिराची_गाडी

तो शुक्रवारी. आज पहिला एपिसोड परत लावला होता, सहज. अगदी सुरुवातीला शिंजी रिकाम्या रस्त्यावर सार्वजनिक फोनपाशी उभा आहे आणि फोन लागत नाही. हातात मिसातोचा फोटो. पहिल्या वेळी मी तो फोटोच बघत हसत होते. आज दिसलं की रिसीव्हर ठेवून झाल्यावरही तो त्या फोनपासून लांब जात नाही, तिथेच उभा राहतो. आणि मागे सिकाडा.

शुक्रवारसाठी काही सूचना?

रिकामटेकडा

दिवे चालू ठेवून बघा.

शांतकोलाहल

एकटीने बघू नका.

तिसरी_घंटा

शनिवारी सुट्टी आहे ना?